दोन कारभारी आणि शोध्या

शहादा आणि आसपासच्या चाळीसेक गावांत हेमकांतने एकतीस वर्षं लग्नं काढली. म्हणजे लग्नांचे व्हिडिओ काढले, पण तिकडे एवढं लांबलचक कोणी बोलत नाही. ‘आमनं लगन हेमकांत आण्णानी काढं,’ म्हटलं की झालं. सहाशे बारा कॅसेटी, त्यानंतरच्या सीड्या, त्यानंतरची मेमरी कार्डं. कळसाडीपासून तोरणमाळच्या घाटापर्यंत कोणता नवरदेव कुठे घोड्यावरून पडला, हे सगळं त्याच्या दुकानात होतं.

फक्त एक गोष्ट नव्हती. स्वतःच्या बायकोचा एक धड फोटो.

शोभाबाईला जाऊन वर्ष व्हायला आलं होतं. तीन दिवस ताप आला आणि चौथ्या दिवशी ती नव्हती. दहाव्याला घाईघाईत आधार कार्डावरचा फोटो मोठा करून ठेवला. त्या फोटोत शोभाबाई अशी बघत होती, की जणू समोरच्यानेच तिची म्हैस सोडून नेली आहे. रुपाचा, म्हणजे त्यांच्या मुलीचा, तीन वर्षांचा पोरगा तो फोटो बघून आजीच्या नावाने नाही, भीतीने रडला.

आता वर्षश्राद्धाला नऊ दिवस राहिले होते आणि नंदुरबारहून रुपाचा बापाला रोज फोन यायचा.

“दादा, फोटोनं काय व्हयनं?”

“शोधी ऱ्हायनू.”

“सालभर शोधीच ऱ्हायनात तुम्ही. तो आधार कार्डवाला नको हां. माय कव्हय आशी दखे का कोनाकडे?”

“मन्हाकडे दखे,” हेमकांत म्हणाला. खोटं कशाला बोला.

मोबाइलवर फोटो होते, नाही असं नाही. पण शोभाबाईसमोर मोबाइल धरला की तिचा तळहात वर यायचा. ‘माले नको, मी कॅमेरामांगली बाई शे,’ असं म्हणायची. त्यामुळे घरातल्या सगळ्या मोबाइलांत मिळून तिच्या तळहाताचे चौदा फोटो निघाले. रेषा एकदम स्पष्ट. एखाद्या ज्योतिषाचं काम झालं असतं.

कॅमेऱ्यामागची बाई हे मात्र खरं होतं. लग्न झाल्यापासून हेमकांत कॅमेरा धरायचा आणि शोभाबाई त्याच्यामागे उभी राहून लाईट धरायची. हजार वॅटचा, शेगडीसारखा तापणारा लाईट. पुढे कॅमेऱ्यावरच बसणारे लाईट आले तेव्हा तिची सुटका झाली. तोवर वीस-बावीस वर्षं ती प्रत्येक मांडवात होती आणि एकाही मांडवात दिसत नव्हती.

दुकानाच्या समोर दीपचंदशेठचं कापडाचं दुकान. त्यांची मुलगी रिद्धी वरच्या मजल्यावर बसून पुण्याच्या कुठल्या कंपनीचं कॉम्प्युटरचं काम करायची. मागच्या वर्षी तिला आईवडिलांच्या लग्नाची कॅसेट हवी होती, ती शोधायला दुकानात आली आणि कॅसेटींवरची नावं बघून हबकली. नावं शोभाबाईने लिहिलेली होती. नवरानवरीचं नाव कुठेच नाही. ‘कळसाडी, वरण खारट.’ ‘कोरीट, मांडवात म्हैस.’ ‘प्रकाशा, वरमाय रुसली, दोनदा.’ रिद्धीच्या आईवडिलांचं लग्न तीन दिवसांनी सापडलं. कॅसेटवर लिहिलं होतं, ‘मारवाडीनं लगन, सहा मिठाया, आमले चार भेटन्यात.’

त्यानंतर रिद्धीनेच सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला लावल्या आणि त्या सांभाळायला दोन प्रोग्रॅम बसवून दिले. एक फक्त व्हिडिओ सांभाळायचा, दुसरा फक्त फोटो. हेमकांत त्यांना कारभारी म्हणायचा. फिल्मवाला कारभारी आणि फोटोवाला कारभारी. दोघंही कामाला चोख, पण एकमेकांशी बोलायचे नाहीत. एकाला विचारलं तर दुसऱ्याकडे काय आहे ते त्याला ठाऊक नसायचं. दोन्ही कारभारी जे नाव दिलं तेच धरून बसायचे. ‘वरण खारट’ विचारलं तर कळसाडी काढून द्यायचे. बाईचा चेहरा विचारला तर गप्प.

फोटोची अडचण कानावर आली तशी रिद्धी स्वतःच जिना उतरून आली.

“काका, एक शोधणारा प्रोग्रॅम आहे. आपोआप शोधतो. चेहरा द्यायचा, तो सगळं उलथंपालथं करून जिथे जिथे तो चेहरा आहे तिथलं काढून देतो. फक्त आपल्या दोन्ही कारभाऱ्यांना त्याच्याशी जोडायला लागेल.”

“जोडानं म्हंजे?”

“दोघांचा पत्ता आणि किल्ली त्याला द्यायची.”

“किल्ली?” हेमकांतने चष्मा वर केला. “किल्ली दिधी आन् त्यानी काही लई गया तं?”

“नेणार नाही हो. फक्त बघणार.”

“बेटा, फक्त दखाले येनारच लई जातस.”

पण दिली. ती किल्ली म्हणजे आकडे आणि अक्षरांची एक लांब ओळ होती, पाठ होणं शक्य नव्हतं, त्यामुळे चोरीची भीती जरा कमी झाली. नव्या प्रोग्रॅमला त्याने शोध्या असं नाव दिलं.

जोडणी काही लगेच बसली नाही. रिद्धी तपासणीचं बटण दाबायची, हिरवी खूण यायची, ती खूश होऊन वर जायची आणि अर्ध्या तासाने शोध्या कुरकुरायचा, की फिल्मवाला कारभारी जागेवर नाही. ती खाली यायची, पुन्हा जोडायची, पुन्हा हिरवी खूण. दुपारपर्यंत असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी ती वर गेलीच नाही, दारात उभी राहून बघत बसली. हेमकांत चहाला निघाला, आणि निघताना सवयीने त्याचा हात भिंतीवरच्या बोर्डावर गेला. पंखा बंद, ट्यूब बंद, तिसरं बटणही बंद. तिसऱ्या बटणावर हार्ड डिस्क होती.

“काका!”

“काय व्हयनं?”

“कारभाऱ्याचा गळा तुम्हीच दाबताय.”

“भाहेर निंघताना समदं बंद करानं, आमना घरना कायदा शे,” हेमकांत म्हणाला. कायदा कोणी केला होता ते दोघांनाही माहीत होतं. रिद्धीने खिशातली चिकटपट्टी काढून तिसरं बटण चालू ठेवून पक्कं चिकटवून टाकलं.

जोडणी टिकली, तर शोध्याने दुसरीच तऱ्हा केली. सगळ्या कॅसेटी चाळून त्याने जाहीर केलं, की हे सगळं एकच लग्न आहे. एकच लग्न सहाशे बारा वेळा.

रिद्धीने कपाळाला हात लावला. हेमकांत मात्र हसायला लागला. त्याला कारण कळलं होतं. कॅमेऱ्याला आधी पांढरं म्हणजे काय ते दाखवावं लागतं, नाहीतर हळद लावलेली नवरी हिरवी दिसते. त्यासाठी समोर पांढरा रुमाल धरायचा आणि बटण दाबायचं. शिवाय टेपचा पहिला तुकडा भरवशाचा नसतो, मशीन तो चावतं, म्हणून तेवढा वाया घालवायचा. हेमकांत दोन्ही कामं एकदम करायचा. त्यामुळे प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला रुमालच रुमाल. गिऱ्हाइकाला द्यायच्या कॉपीत तो काढून टाकलेला असायचा, पण दुकानातल्या मूळ कॅसेटींत तसाच होता.

“शोध्याले सांग, पहिली वीस सेकंदं सोडी दे. तठे काहीच नही.”

रिद्धीने तशी सूचना देऊन टाकली. शोध्या शहाण्यासारखा कामाला लागला. मग आधार कार्डावरचा फोटो त्याला दाखवला आणि दोघं चहा पिऊन आले. यावेळी बटणाला कोणी हात लावला नाही.

शोध्याने दोनशे चौदा बायका काढल्या होत्या.

एकीतही शोभाबाई नव्हती. पण शोध्याने कामचुकारपणा केला नव्हता. त्याला जसा चेहरा दिला तसेच त्याने आणले होते. दोनशे चौदा चिडलेल्या बायका. मानपानावरून तोंड फिरवलेल्या विहिणी, जावयाच्या टोपीकडे बघणाऱ्या सासवा, वरण वाढताना हात आखडणाऱ्या वाढप्याकडे डोळे वटारून बघणाऱ्या मावश्या. तीस वर्षांत शहादा तालुक्यात ज्या कोणी लग्नात रागावल्या होत्या त्या सगळ्या एका ठिकाणी जमल्या होत्या.

“बाप रे,” रिद्धी म्हणाली. “यात माझी आजी आहे.”

सगळ्यांत जास्त वेळा आली होती कमलबाई. शोभाबाईची धाकटी बहीण, नाकडोळे तसेच. नव्वद जागी. श्राद्धाचा स्वयंपाक ठरवायला ती दुसऱ्या दिवशी कळसाडीहून आली, तेव्हा हेमकांतने तिला ते दाखवलं. वाटलं, तिला मजा वाटेल.

कमलबाईने एकेक चित्र बघितलं. तिची मान लांब होत गेली.

“आठे बी जिलेबी. तठे बी जिलेबी. भाऊजी, मन्हा जेवाना शिवाय एक बी फोटो नही का तुमनापाशी?”

“हाऊ दख ना, आठे तू जेवी नही ऱ्हायनी.”

“तठे मी ताट लयीसन उभी शे!”

“म्हंजे पंगत सुरू व्हवानी व्हती.”

“आन् तुमले मीच सापडनी? सख्खी बायको नही सापडनी?”

“ती कशी सापडी? ती मन्हा मांगे व्हती.”

कमलबाई त्याच्याकडे बघत राहिली. तशी बघताना ती आधार कार्डावरच्या शोभाबाईसारखीच दिसत होती.

“मांगे काय, भाऊजी? ती ते सर्वास्ना पहिले कॅमेरापुढे उभी ऱ्हाये. रुमाल धरीसन. आम्ही हासूत तिले. सांगूत, शोभाक्कानी पहिले आरती व्हस, मंग नवरीनी.”

हेमकांत दारात गेला. त्याने समोरच्या वरच्या मजल्याकडे बघून हात केला. रिद्धीला खिडकीतून दिसलं तेव्हा ती खाली आली.

“ती वीस सेकंदं,” तो म्हणाला. “ती जोडी दे बेटा.”

सूचना काढायला एक मिनिट लागलं. शोध्याने दहा मिनिटं घेतली. त्या दहा मिनिटांत हेमकांतने काउंटर दोनदा पुसला.

पहिली कॅसेट उघडली. पडदा पांढराफटक. मग त्याचाच आवाज, फार तरुण, “हां, व्हयनं.” रुमाल खाली आला आणि रुमालामागे शोभाबाई होती. एका हातात लाईट, डोक्यावरचा पदर घसरलेला, वय तेवीस-चोवीस. “व्हयनं का? हात भाजना मन्हा,” असं म्हणून ती चौकटीतून निघून गेली. सगळं मिळून चार सेकंदं.

दुसरी कॅसेट. पांढरं. “हां.” रुमाल खाली. “चाला लवकर, नवरी रडी ऱ्हायनी.” तिसरी. “भज्या संपी जातीन.” चौथी. “तो मामा आडवा इ ऱ्हायना, त्याले सरकाडा.”

सहाशे बारा वेळा हेमकांतने भिंगाला डोळा लावून तो रुमाल बघितला होता. रुमाल पांढरा दिसतोय ना, एवढंच बघायचं काम होतं. रुमालामागे कोण आहे ते बघायचं काही कारण नव्हतं. शोभाबाईच असणार, दुसरं कोण?

कमलबाई पदर डोळ्याला लावून बसली. रिद्धी म्हणाली, “मी पाणी आणते,” आणि पाणी दुकानातच असताना वर गेली.

दुसऱ्या दिवशी रुपा नंदुरबारहून आली, आणि आता नवीच पंचाईत झाली. फोटो नव्हता तेव्हा एक चिंता होती. आता सहाशे बारा शोभाबाया होत्या आणि त्यांतली एक निवडायची होती. बापलेक सकाळी नऊला बसले. रुपा वही घेऊन बसली होती. जांभळी साडी चांगली, पण मागे कुत्रं. हिरवी साडी चांगली, पण लाईटमुळे अर्धा चेहरा काळा. वय वाढत चाललं होतं. दीडशेनंतर चष्मा आला. अडीचशेनंतर रुपा स्वतः तिच्या पदराला लोंबकळत दोन वेळा दिसली आणि वही बाजूला ठेवून जरा वेळ बाहेर जाऊन आली.

खरी अडचण वेगळीच होती. रुमाल खाली आला की शोभाबाई बोलायची. चित्र कुठेही थांबवा, तिचं तोंड उघडंच. कुठे अर्धं, कुठे पूर्ण, कुठे जीभ.

“रिद्धीताई,” रुपा शेवटी कंटाळून म्हणाली, “शोध्याले सांगानं का, तोंड बंद व्हई तेच काढ?”

शोध्याने सहाशे बारातून तीन काढले.

तिन्ही फोटो झकास. ओठ मिटलेले, नजर सरळ, पदर जागेवर. फ्रेमवाल्याने हात जोडले असते असे फोटो. रुपा आनंदाने टाळी वाजवणार, तेवढ्यात हेमकांत म्हणाला, “हे नको.”

“का बरं? कितला भारी शेत!”

“हाऊ कोरीटना. त्या दिन मी तिना मायरना लोकस्ले बोलनू व्हतू. ती तीन दिन मन्हासंगे बोलनी नही. हाऊ दुसरा, तिनी टेबलफॅन मांगा आन् मी ट्रायपॉड लई उनू.”

“आन् तिसरा?”

हेमकांतने बराच वेळ बघितलं. “हाऊ मन्हा ध्यानमा नही. पन तिना ध्यानमा व्हई.”

रिद्धीला वर काम होतं, ती गेली. बापलेक राहिलेल्या कॅसेटींवर आले. संध्याकाळी चारच्या सुमारास चारशे सत्याऐंशी नंबरची कॅसेट लागली. शोभाबाईने कॅसेटवर नेहमीसारखं गावाचं नाव लिहिलं होतं, पण पुढे काहीच नाही, नुसती रेघ. तिला काही लिहिणं परवडलं नसावं.

पडदा पांढरा. “हां, व्हयनं.” रुमाल खाली आला आणि शोभाबाई हसत होती. नेहमीचं नाही, आतून उसळी मारणारं, दाबून दाबून गालात भरलेलं हसू. डोळे पाण्याने चमकत होते. ती पुढे वाकली, डावीउजवीकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, “चेन लावा पॅन्टनी. सर्वं गाव दखी ऱ्हायनं.”

मग कॅमेरा हलला, जमीन दिसली, चपला दिसल्या, आणि लग्न सुरू झालं.

रुपा टेबलावर डोकं ठेवून हसत सुटली. हेमकांतही हसला. वर्षभरात इतकं हसला नव्हता. हसू थांबल्यावर दोघांनी चित्र मागे घेतलं आणि शोभाबाई पुढे वाकायच्या आधी थांबवलं. तोंड जरा उघडं होतं, चित्र जरा धूसर होतं. पण ती तीच होती.

“हाऊच,” रुपा म्हणाली.

“लोके काय म्हनतीन? श्राद्धले हासरी बाई?”

“म्हनू द्या. पन दादा, ती काय बोलनी ते कोनले सांगानं नही हां.”

“मी कशाले सांगू? मन्ही इज्जत शे त्यामा.”

रविवारी हेमकांतच्या कळसाडीच्या जुन्या घरी पाटावर तो फोटो ठेवला. झेंडूचा हार घातला. पाहुणे यायला लागले आणि आला तो फोटोपुढे थांबला. आधार कार्डाची ज्यांना आठवण होती ते तर दचकलेच. रुपाचा पोरगा पुढे गेला आणि फोटोला लाडू दाखवून परत आला.

“किती परसन्न,” एक म्हातारी म्हणाली. “काही तरी बोली ऱ्हायनी ना ती?”

“आशीर्वाद देई ऱ्हायनी मन्ही बहीन,” कमलबाईने ठामपणे सांगितलं.

हेमकांतचे चुलते दोधू आप्पा गावात शहाणे मानले जायचे. त्यांनी फोटोजवळ जाऊन, चष्मा सारखा करून, ओठ बारकाईने बघितले. “आशीर्वाद नही. रामना नाव लेवाले सुरुवात करेल शे. दखा, ओठ कसा शेत.” सगळ्यांनी ओठ बघितले. दोघातिघांनी हात जोडले. पूजा सांगणारे गुरुजीही म्हणाले, की चेहऱ्यावर समाधान दिसतं, असं भाग्य थोड्यांना.

रुपाने ओठ घट्ट दाबले आणि ती जमिनीकडे बघत राहिली.

“तूच सांग रे हेमकांत,” दोधू आप्पा वळले. “कॅमेरा तुन्हा हातमा व्हता. काय सांगी ऱ्हायनी व्हती ती?”

सगळं घर त्याच्याकडे बघायला लागलं. हेमकांतला खोटं बोलायचं नव्हतं.

“मन्ही काळजी करी ऱ्हायनी व्हती,” तो म्हणाला.

बायकांमध्ये हळहळ उठली. दोधू आप्पांनी मान डोलावली. रुपा एकदम उठली, “भाजी लागनी वाटस,” असं म्हणत स्वयंपाकघरात पळाली, आणि आतून एक ताट पडल्याचा आणि त्यावर कसलातरी दाबलेला आवाज आला. हेमकांतने खांद्यावरचा टॉवेल तोंडावर धरला. खांदे गदगदा हलायला लागले. सुरुवातीला ते हसणंच होतं, त्याची त्याला खात्री होती.

कमलबाई त्याच्या शेजारी येऊन बसली आणि पाठीवरून हात फिरवायला लागली.

“रडा भाऊजी, रडा,” ती म्हणाली. “सालभर रडनात नही तुम्ही.”